सुतकाची दोनशे बारा कार्डं

आदरणीय गेंजिरोमामांना र्‍योसुकेचा वाकून नमस्कार.

तुमच्याकडे बर्फ गुडघ्यापर्यंत आला असेल. कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, पण बर्फात नव्हे, असं आईने दोनदा लिहायला सांगितलं आहे. बर्फात नव्हे. इकडे थंडी बेताची आहे. आई बरी आहे. मीही बरा असावा, घसा सोडला तर.

बाबांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी परवा पार पडला. तुम्हाला येता आलं नाही, तेव्हा काय झालं ते कळवणं माझं काम. तोमोएआत्याचा फोन तुम्हाला आला असेलच. तिने सांगितलं ते बहुतेक खरं आहे. फक्त माणसं साठ नव्हती, सदतीस होती, आणि साखळ्या कोणाच्या हातात नव्हत्या (कमरेच्या पट्ट्यांना होत्या, त्या त्यांनी दारातच काढून ठेवल्या).

आधी एक कबूल करतो. मी तोक्योत गाण्यांच्या कंपनीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. लागलो तेव्हा फोन घ्यायच्या कामाला लागलो होतो. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या कुरोगामा नावाच्या हेवी मेटल बँडचा गायक (कुरोगामा म्हणजे काळी कढई, नरकातली) ऐन कार्यक्रमाच्या दिवशी लग्न करून निघून गेला, आणि त्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट सबंध कार्यालयात एकट्या मला बसले. बूट बसतात म्हणून माणसाने गायलाच पाहिजे का, असं मी विचारलं होतं, पण बहुधा हळू विचारलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा तोंडाला पांढरा रंग फासून, नरकाचा राजा होऊन, मी दीड तास ओरडतो. आवड म्हणून नाही. नको म्हणायची वेळ रोज थोडी थोडी निघून गेली. घरी मात्र मी अजून फोनच घेत होतो. बाबा गेले त्या दिवशी मी ठरवलं की हे सोडायचं, गावी यायचं, आईजवळ राहायचं आणि बाबांचं तातामीच्या चटया विणायचं दुकान चालवायचं. सव्वीस डिसेंबरला मोठा कार्यक्रम आहे, त्याच्या आत सुटायचं. हे मनात अगदी पक्कं होतं. परवापर्यंत.

आता कार्डांविषयी. दर नव्या वर्षाला चाहते नरकाच्या राजाला शुभेच्छांची कार्डं पाठवतात. राजाने उलट उत्तर द्यावं की नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण आलेल्या कार्डाला उत्तर न देणं मला जमत नाही, म्हणून मी सगळ्यांना हाताने लिहितो. यंदा घरात सुतक. म्हणजे शुभेच्छा पाठवता येणार नाहीत. मग नातेवाइकांना पाठवतो तसं राखाडी शाईतलं सुतकाचं कार्ड त्यांनाही वेळेत जायला हवं, नाहीतर जानेवारीत दोनशे बारा माणसं पत्रपेटीपाशी ताटकळत राहतील. मी छापायला दिलं. कार्डावर छापून आलं ते नेहमीसारखंच : अठरा ऑक्टोबरला वडील वारले, वय चौऱ्याहत्तर, खाली माझं नाव आणि गावचा पत्ता. नुसत्या नावावरून त्यांना काय कळणार, म्हणून मी प्रत्येक कार्डावर कंसात लिहिलं, 'कुरोगामाचा राजा'. सहा वर्षं कंपनीने माझं नाव कोणाला कळू दिलं नव्हतं, हे मला कार्डं पेटीत टाकून घरी आल्यावर, चहा पिताना आठवलं.

अठरा ऑक्टोबरपासून एकोणपन्नास दिवस कोणालाही मोजता येतात. पाच डिसेंबरला सकाळच्या बसने त्यांच्यातले सदतीस चाहते आले. आत्या दारात होती. लांबून पाहून ती आईला म्हणाली की आपल्या घरच्या कोणी इतके नीट काळे कपडे घातलेले नाहीत, शिका जरा. मग ते जवळ आले. पांढरी तोंडं, डोळ्यांभोवती काजळ. एकेकाने वाकून नमस्कार केला, आणि मग बूट काढायला बसले. त्या बुटांना प्रत्येकी अकरा बकलं असतात. मंदिरातले म्हातारे भिक्षू तयार होऊन बसले होते. त्यांना पाऊण तास थांबावं लागलं. शेवटी सदतीस जोड बोटं बाहेरच्या बाजूला करून ओळीत लागले, ते पाहून आत्याला काही बोलता येईना. तिला बोलायचं होतं, एवढं तिच्या मानेवरून कळत होतं.

आईने मला विचारलं की ही मंडळी कोण. मी म्हटलं, कामाची. तेवढ्यात त्यांच्यातला मोठा, कोबायाकावा (तो माशाच्या वड्यांच्या कारखान्यात आहे), पुढे आला, कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकला आणि म्हणाला, "आई, तुमचा मुलगा गेली सहा वर्षं दर महिन्याला आम्हाला ठार मारतो. आम्ही फार ऋणी आहोत."

आईही तितकीच वाकली. "तो तुम्हाला फार त्रास देत असेल. सांभाळून घेता, उपकार आहेत."

तिला काय समजलं होतं, मला अजून माहीत नाही.

भिक्षूंना त्यात सर्दी. आवाज बसलेला. त्यांनी सूत्राची पुस्तकं वाटली आणि थोरला मुलगा म्हणून मला पुढे म्हणायला सांगितलं. मी म्हणू लागलो. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुम्ही मला जेवायला हाक मारायचात आणि मी 'आलो' म्हटलेलं तुम्हाला ऐकू यायचं नाही. मागून कोणीतरी नम्रपणे म्हणालं, "राजे, शेवटच्या रांगेत पोचत नाही."

ही सूचना मी दर महिन्याला ऐकतो. त्यामुळे असेल, श्वास आपोआप पोटात गेला आणि तो दुसरा आवाज बाहेर आला. मला तो थांबवता आला नाही. दुसऱ्या ओळीला सदतीसजण मिसळले. बाबांच्या फोटोची काच थरथरत होती. शेजारचा कुत्रा आधी भुंकला, मग गप्प झाला. मामा, बाबा गेल्यापासून मी रडलो नव्हतो, दहनाच्या दिवशीही नाही. आत्या ते सगळ्यांना सांगत होती. परवा मधल्या पानावर मी रडायला लागलो, आणि आवाज मात्र चालूच राहिला. भिक्षू नंतर एवढंच म्हणाले की हल्ली लोक मधलं पान गाळतात, तुम्ही गाळलं नाही.

ते सदतीसजण शेवटच्या बसने गेले. जाताना एक मुलगी वाकून चटईची किनार पाहत होती. ही हाताने शिवलेली आहे का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

आई भांडी विसळत होती. शेजारी आत्या डिशा पुसत होती. मी सगळं सांगितलं, बुटांपासून. आत्या म्हणाली, बघ, फोन घेतो म्हणे. आई मात्र पाण्याकडे पाहत म्हणाली, "शेवटची तीन वर्षं फोनवर तुझं बोलणं बाबांना ऐकू येत नव्हतं. हॅलो म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. हा आवाज होता तर त्यात का नाही बोललास?"

मला वाटायचं की ते माझ्यावर नाराज आहेत.

तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
र्‍योसुके

ता. क. : मूळ विनंती लिहायची राहिली. घरातले वडीलधारे म्हणून तुम्ही कंपनीला दोन ओळी लिहाल का, की कुटुंबाला माझी गरज आहे, मला सोडावं? मी तीनदा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

दुसरा ता. क. : पत्र काल टाकायचं राहून गेलं. कंपनीला लिहायला घेतलं असेल तर कृपया थांबा. आईने सव्वीस तारखेचं पुढच्या रांगेतलं तिकीट मागितलं आहे. आत्याने मागितलेलं नाही, पण ती त्या दिवशी आईबरोबर तोक्योत असेल असं म्हणते.

तिसरा ता. क. : आज कोबायाकावाचं पत्र आलं. सदतीसजणांना एक शंका आहे. आमच्या तिसऱ्या गाण्यात मी वडिलांना कढईत तळतो. सुतकाचं वर्ष संपेपर्यंत हे बरं दिसेल का? मला काहीच कळेना, म्हणून आईला विचारलं. थोडा विचार करून ती म्हणाली, गेंजिरोला तळ, तो लहानपणापासून काही मनावर घेत नाही. तरी तुमच्या परवानगीशिवाय मी तळणार नाही. वीस तारखेपर्यंत कार्डाने कळवावं.