सात दहाचा पंखा

प्रिय समाधान,

त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. पिंप भरलं, दूध तापवलं, वंदना केली आणि मेथी निवडायला बसले. रात्री इथे राहून तू पहाटेच खराडीला कामावर गेला होतास आणि ऑफिसचा लॅपटॉप टेबलावरच राहिला होता. सातला तुझा फोन आला. तुझे बाबा लॅपटॉप काखेत मारून खाली गेले. सात दहाला त्यांनी गाडी सुरू केली आणि नेहमीसारखी दोनदा हळूच रेस दिली. तोंडाने ‘येतो’ म्हणणारा माणूस नव्हता तो, गाडीनेच म्हणायचे. मी हातातली मेथी घेऊनच गॅलरीत गेले. गाडी कोपऱ्यावर वळली. एवढंच.

रस्त्याकडेच्या चरात गाडी कलंडली. तुझे बाबा गेले, गाडीची टपासकट एक बाजू गेली, पण इंजिन शाबूत राहिलं. ते बाबांच्या जुन्या जीपमध्ये बसवायचं तू ठरवलंस. दर रविवारी तू वारज्याला येतोस, हात काळे करतोस, जेवतोस, जातोस. इंजिन बसलं, तरी काम अडलं आहे ते त्याच्या कॉम्प्युटरवर. त्या गाडीतलाच जुना तात्पुरता जोडलास, तर त्याला आपली सगळी गाडी हवी. काच उघडणारी मोटरही सापडली नाही की पिवळा दिवा लावून बसतो. नवा घ्यावा, तर तो कोरा. किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं त्याला शिकवावं लागणार. आठ महिने तू म्हणतोस, “आई, जुना ठेवू की नवा घेऊ, तूच सांग.” मी सातवी शिकलेली बाई. पण तू ठेवून गेलेली पुस्तिका शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. जुना कॉम्प्युटर चालवणाऱ्याच्या पायाची सवय शिकतो, हे तिच्यातच वाचलं. बॅटरी उतरली की तो शिकलेलं विसरतो, असंही लिहिलं होतं. म्हणून रोज सकाळी दूध तापवलं की मी खाली जाऊन बॅटरीला चार्जर लावते. तू सांगितलं नव्हतंस. मी विचारलंही नव्हतं.

आणि आता जे लिहिते, ते कुणाला सांगितलेलं नाही. भूतखेत न मानणारी माणसं आपण. पण जीपच्या इंजिनाचा पंखा रोज सकाळी आपोआप फिरतो. किल्ली माझ्या डब्यात, खाली कुणी नाही, आणि सात दहाला घरघर सुरू होते. मिनिटभर चालते, थांबते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्याशी होते. भानावर आले तेव्हा दोन कप चहा गाळून झाला होता. आमोद मेकॅनिकला विचारलं, तर म्हणाला, “काकू, रिले चिकटतोय, पंख्याचा आतला स्विच. भूत असतं तर पेट्रोलसुद्धा तेच भरून आलं असतं.” मी हसले. रिले चिकटत असेल. सात दहालाच का चिकटतो, ते नाही विचारलं.

मागच्या रविवारी तू इंजिन सुरू केलंस आणि बॉनेटवर वाकलास. तुझे दोन्ही हात मला दिसत होते. सीटवर कुणी नव्हतं. इंजिनाचा आवाज दोनदा हळूच चढला आणि उतरला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मी तुझ्याकडे. तू बोल्ट शोधत राहिलास, मी भात लावायला वर आले.

बाळा, मला एक माहीत आहे. त्या दिवसापासून तू कुणालाच ‘लवकर ये’ म्हणत नाहीस. घरी दीपालीलाही नाही, इथे मलाही नाही. त्या फोनवर तू बाबांना तसं म्हणाला होतास, मी शेजारीच होते. त्या कॉम्प्युटरमध्ये शेवटच्या क्षणाचे आकडे असतील हे तुला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तू तो वाचतही नव्हतास आणि टाकतही नव्हतास. शुक्रवारी मी आमोदला बोलावलं आणि वाचून घेतला. वेग ताशी बावीस. पेट्रोलच्या पेडलवर पाय शून्य. आमोदने दोनदा तपासलं. ते घाईत नव्हते, समाधान. त्यांनी पाय काढून घेतला होता, गाडी कडेला घेत होते. छातीत आधीच दुखलं असणार, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा तू उठून बाहेर गेला होतास. तुझ्या फोनमुळे ते गेले नाहीत. आकड्यांचा कागद पत्रासोबत ठेवला आहे, आमोदच्या सहीचा. नवा कॉम्प्युटर घे. कोरा आहे तेच बरं. तुझ्या पायाने शिकेल.

आमोद घरी परतल्यावर त्या दिवशी मी जीपला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं, खाली गेले, पंखा फिरून थांबेपर्यंत उभी राहिले आणि मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची वायर काढून ठेवली.

तुझीच,
आई