केळीच्या धाग्याची पकड

५ जानेवारी
ठरलं. केळीच्या धाग्याचं पॅनल, दरवाजांसाठी. प्लायवूडपेक्षा मजबूत. इंद्रसिंग कंत्राटदार महिनाअखेर बघायला येणार. ऑर्डर मिळाली तर आबांची शेड माझी. नाहीतर सुरतच्या कंपनीत जॉइन व्हायचं, ही आबांची अट. लगेच मान्य केली. लागू होणारच नाही.

८ जानेवारी
धागा कॉस्टिक सोड्यात उकळून धुतला. तेलकटपणा जराही उरला तर थर चिकटवणारं रेझिन धरत नाही. वाळवायला आईकडे दिला, आमच्या मिरची वाळवायच्या पथारीवर. बारकावे सांगत बसले नाही. घरच्या मिरचीची घेतेस तशीच काळजी घे, एवढंच सांगितलं. सूचना थोडक्यात द्यावी.

१४ जानेवारी
धागा आला. सुंदर चमक. कॉस्टिकचा परिणाम. पहिलं पॅनल साच्यात.

१६ जानेवारी
कडेचे थर सुटले. कारण थंडी. आबा डोकावून विचारून गेले, "बनी गयं का?" म्हटलं, क्युअर होतंय.

२१ जानेवारी
दुसरंही सुटलं. रेझिन कडक करणारा हार्डनर जुना असणार. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, ताई, याच ड्रमातला माल सगळे नेतात. सगळे मोजून घालतात का, असं विचारलं. मग शेडमध्ये फेऱ्या मारल्या. विचार करण्यासाठी. अस्वस्थ नाही.

२७ जानेवारी
नवा हार्डनर. दाबासाठी साच्यावर मिरचीची पोती. पॅनल अखंड निघालं. वाकवून पाहिलं नाही. गरज वाटली नाही.

३१ जानेवारी
इंद्रसिंग आले. कोपऱ्यात नख घातलं. एक थर उठला, मग दुसरा. म्हणाले, "ताई, हाई दार शे का खाजं?" खाजं मिठाई आहे, तिला पापुद्रे असतात; पॅनलला थर.
आई चहा घेऊन आली होती. माझी बाजू घ्यायला तिने सांगितलं की पोरीच्या मालात खोट नाही, घरच्या मिरचीला चमक राहावी म्हणून देते तसा तेलाचा हात तिने रोज धाग्यालाही दिला होता.
इंद्रसिंग इतके हसले की चहा बशीत सांडला. मी आईला म्हटलं, माझी सूचना स्पष्ट होती.
"तूच सांगेल व्हतं ना, मिरचीसारखं!"
आबांनी हात पुढे केला. शेडची किल्ली मागितली.

३ फेब्रुवारी, सुरतच्या गाडीत
सुरत तात्पुरती आहे. रेझिन निर्दोष, हार्डनर निर्दोष, म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती. शेवटचं पॅनल सोबत आणणार होते, पण आईने त्यावर मिरची पसरली आहे. म्हणते, उन्हात अजिबात वाकत नाही.
चाचणी यशस्वी, अशी नोंद करते.