गप्प बसण्याची मुदत

एल्क फोर्ड, मिनेसोटा
रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय आई,

तुझं कार्ड पोचलं. ॲरिझोनात तुम्ही मंडळी अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून अंगणात पत्ते खेळताय हे ऐकून कर्ट म्हणाला, "मजा आहे बुवा एकेकाची!" इथे सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे तिची मनधरणी करावी लागते. तुझ्या घरचे नळ गोठलेले नाहीत, कर्ट अधूनमधून जाऊन बघून येतो. ब्रिटाची सर्दी गेली.

परवा फोनवर तू शाळेचं विचारलंस आणि मी थंडीबद्दल बोलत सुटले. तुझ्या ते लक्षात आलंच असणार. म्हणून आता सगळं नीट लिहिते.

नाताळाच्या आधी शाळेने आम्हाला बोलावलं होतं. टेबलाच्या एका बाजूला मी आणि कर्ट, दुसऱ्या बाजूला अख्खी शाळा. मी लिंबाच्या वड्या करून नेल्या होत्या, रिकाम्या हाताने कसं जायचं! लिंडग्रेनबाई, म्हणजे ब्रिटासारख्या, शिकायला जास्त वेळ लागणाऱ्या मुलांचं सगळं ज्या बघतात त्या, फार गोड बोलल्या. ब्रिटाला इथल्या वर्गात झेपत नाही, ग्रॅनाइट बेंडला तिच्यासारख्यांचा खास वर्ग आहे, शाळेची बस रोज नेईल-आणेल. जायला तास, यायला तास. हॉगन मुख्याध्यापक माना डोलवत होते. मी काय केलं? उठले आणि सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली. कॉफी पिता पिता समोरच्याला नाही म्हणायचं नसतं, हे तूच शिकवलंस मला.

मग शाळेची नोटीस आली. दोन आठवड्यांत लेखी हरकत आली नाही तर पालकांना मान्य आहे असं धरू, म्हणे. कायदाच तसा आहे. मला वाटलं, कोणीतरी परत विचारेल. चर्चमध्ये हॉगनसाहेब भेटले, त्यांनी बर्फाचं विचारलं. मीही बर्फाचंच सांगितलं. सगळे इतके चांगले वागत होते की मुदत संपत आली तरी मला कोणी काही विचारलं नाही.

आणि तू फोनवर म्हणालीस, "शाळेतल्या लोकांना जास्त कळतं, मारलिस. उगाच तमाशा नको." त्या दिवशी फोन ठेवला आणि हरकत लिहिली. ती नेऊन दिली तेव्हा हॉगनसाहेबांचा चेहरा पडला.

"अगं, मग त्या दिवशी बोलायचंस ना!"

"तुम्ही वडी खात होतात," मी म्हटलं.

या गुरुवारी समेटाची बैठक झाली. या वेळी मी काही करून नेलं नाही. हातांचं काय करायचं तेच कळेना. ब्रिटाला वाचायला शिकवायला दोन वर्षं लागली आणि ती आता वाचते, वर्गातली पोरं तिला खेळायला घेतात, हे सगळं मी सांगितलं. लिंडग्रेनबाई ऐकत होत्या, पण फिरून फिरून बसवरच येत होत्या. बस गरम असते, ड्रायव्हर जुना आहे, सोबतीला बाई असते. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, "मारलिस, बसचं एवढं काय आहे तुला?"

मी म्हटलं, "माझा भाऊ बसने गेला होता."

आई, हे मी ठरवून बोलले नाही. पण एकदा तोंडातून गेलं, मग बोललेच. वेन्डेल सात वर्षांचा होता, ब्रिटासारखाच. बाबा त्याला घेऊन बसमध्ये चढले आणि संध्याकाळी एकटे परत आले. शेजारणींनी कोणी गेल्यावर आणतात तशी हॉटडिशची, म्हणजे तयार जेवणाची, भांडी आणून दिली. मी विचारलं, वेन्डेल कुठाय? तू म्हणालीस, जेवून घे. मग आपण इथे राहायला आलो आणि इथे मी एकुलती एक झाले.

कर्ट माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी त्यालाही सांगितलं नव्हतं. मग तो समोर वळून म्हणाला, "आमची पोरगी कुठेही जाणार नाही." एवढंच बोलला. मग लिंडग्रेनबाईंनी आपली फाईल मिटली.

ब्रिटा इथेच राहणार. दिवसभर एक मदतनीस तिच्यासोबत असेल. गणित मात्र वेगळ्या खोलीत, ते मी मान्य केलं. वसंतात पुन्हा बसायचं ठरलंय. लिंडग्रेनबाई वाईट नाहीत, बाहेर पडताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

तुला हे दुसऱ्याकडून कळायला नको. हॉगनबाई इर्मामावशीबरोबर रजया शिवतात, म्हणजे या आठवड्यात तुझा फोन वाजेलच. मला तुझा राग आहे, आई. खूप आहे. पण ती नोटीस हातात घेऊन बसले होते ना, तेव्हा तू सारखी डोळ्यांसमोर येत होतीस. मला हरकत घ्यायला मुदत तरी होती. तुझ्याकडेही डॉक्टर आले असतील, पाद्री आले असतील, सगळे चांगलंच बोलले असतील, आणि तू त्यांना कॉफी दिली असशील. तुला कोणी विचारलं होतं का, हे मला माहीत नाही. मीही तुला कधी विचारलं नाही.

आता विचारते. वेन्डेल आहे का? असेल तर कुठे आहे? नसेल तर त्याला कुठे पुरलंय? कर्ट म्हणतो, तेव्हा अशा मुलांना सरकारी संस्थांत ठेवायचे, सरकारी कचेरीत पत्र टाकलं तर कळेल. मी त्याला थांबवलंय. मला ते तुझ्याकडून हवंय. फोन केलास तर हवेचं बोलू नकोस. आणि या वेळी तू गप्प बसलीस तर मी ते होकार धरणार नाही, आई. मी तिकडे येईन.

तुझ्या दोघांपैकी धाकटी,
मारलिस