न पाहता केलेली सही

३ जून
वॉर्डातला पहिला दिवस, आणि मी तरंगतच घरी आले! ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड. दाटीवाटीच्या खाटा, हिरवे पडदे, फिनेलचा वास. सीनियर सिस्टरना सगळे ताईच म्हणतात. त्यांनी मला धाकट्या बहिणीसारखं जवळ केलं, आपला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. जालीम दुखण्यावरच्या इंजेक्शनचा नियमही त्यांनीच समजावला. उरलेलं औषध दुसऱ्या सिस्टरसमोर सिंकमध्ये ओतायचं आणि तिने साक्षीची सही करायची. नशा चढवणारं औषध ना ते!

९ जून
ताईंचा उरक असा, की मी हातमोजे शोधेपर्यंत त्यांची अर्धी कामं संपलेली. परवा घाईत म्हणाल्या, उरलेलं ओतलंय मी, तू नुसती सही कर. केली. आता रोजच करते. ताईंवर शंका घेणारी मी कोण मोठी लागून गेले?

१७ जून
पोटाचं ऑपरेशन झालेले मास्तर इंजेक्शननंतरही चादर दातांत धरून कण्हत होते. मला म्हणाले, सिस्टर, ते नुसतं पाणी आहे हो. मी हसण्यावारी नेलं.

२२ जून
चादरींच्या खोलीत ताई. मांडीत सुई. डोळे उघडे, पण मी दिसलेच नाही त्यांना.
नंतर रडल्या. पेशंट उचलून उचलून कंबर गेली, एकदा टोचून घेतलं, मग सुटेचना. पेशंटला सलाईनचं पाणी. मेट्रनकडे जाऊ नकोस म्हणाल्या. साक्षीच्या सह्या तुझ्याच आहेत, हेही म्हणाल्या. गोड आवाजात.
म्हणजे तो डबा, ती माया, सगळं सहीसाठी! केसाने गळा कापला माझा.

२३ जून
मास्तरांचं ओरडणं ऐकवत नाही. उद्या मेट्रनला सांगणार. नोकरी गेली तर गेली.

२४ जून
मेट्रनकडे धावत निघाले, जिन्यात पाय घसरला. नडगी मोडली. ऑपरेशन झालं. खाट आमच्याच वॉर्डात.

२५ जून, सकाळी
ताईंनी इंजेक्शन दिलं. काहीच नाही. हाड पेटलंय —
डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, औषध दिलंय, नव्या सिस्टरची साक्षीची सहीसुद्धा आहे. ताईंचं नाव घेतलं तर त्यांना वाटलं, मी भुलीत बरळते —

दुपारी
मेट्रनना निरोप धाडलाय. येतायत. ताईंना कळलं. कपाळावरून हात फिरवला माझ्या.
ट्रेमध्ये आज दोन सिरिंजा, त्यातली एक काठोकाठ भरलेली. एक तुझी, म्हणाल्या. कुठली ते —
पडदा ओढतायत —