आईची मखमल

४ मार्च, सोमवार
सकाळी आमच्या लॅबच्या मॅडमनी सांगून टाकलं — "शुक्रवारच्या मीटिंगला आकडे दाखव, नाहीतर लेझर शेजारच्या गटाला द्यावा लागेल." म्हणजे माझ्या कामाला टाळं!

आईला फोनवर रडगाणं ऐकवलं. "पण तू नक्की करतेस तरी काय?" सांगितलं — आमच्या द्रवातले रेणू वाहतात, पण सगळे एका दिशेला तोंड करून. त्यात किंचित रंग मिसळायचा. लेझरचा, एकाच दिशेत थरथरणारा जांभळा उजेड मारला की रंगाचा रेणू निळा चमकतो. तो निळा उजेड उभा किती, आडवा किती, ते मोजायचं. रेणू फिरला की दोन्ही सारखे होत जातात. फरक टिकला, तर समजायचं, बिचाऱ्याला वळताच आलेलं नाही.

"मग अडलंय कुठे?"

काचेत! दोन काचा मखमलीने एकाच दिशेत घासल्या, तरच त्यांच्यामधले रेणू रांग धरतात. लॅबमधल्या मखमलीला टक्कल पडलंय.

"मखमल ना? जुना पडदा आहे की. धुऊन ठेवते, उद्या घेऊन जा."

५ मार्च
आईने पडद्याचा तुकडा भरपूर पावडरीत भिजवून, वाळवून, वर इस्त्री करून दिला! लॅबच्या नियमाप्रमाणे तो पुन्हा अल्कोहोलमधून काढायचा असतो. पण आईने धुतलंय म्हणजे धुतलंय. तिच्या धुण्यात खोट काढायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

दुपारी काचा घासल्या. रांग अशी लागली की बघत राहावं. उभा उजेड भरपूर, आडवा नावाला.

६ मार्च
आज वेड लागायचंच बाकी आहे. द्रव तापवला. तापला की रांग मोडते, रेणू सैरावैरा फिरतात, फरक शून्यावर येतो — असं पुस्तकात. माझा येईचना! द्रव पाण्यासारखा नितळ झाला, तरी काही रेणू जागचे हलायला तयार नाहीत. म्हणजे काचेलगत रांग टिकते! असं कुणी पाहिल्याचं मी तरी वाचलेलं नाही. पुन्हा पुन्हा तापवलं. पठ्ठे हट्टालाच पेटलेले.

मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. "छान," म्हणाल्या. मॅडम! छान! मला आकाश ठेंगणं झालंय. जिना उड्या मारत उतरले आणि झाडणाऱ्या मावशींना अडवून रेणूंची गोष्ट सांगितली. "हट्टी आहेत म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि केर पुढे लोटला.

७ मार्च
शंकासूर — पलीकडच्या टेबलावरचा आमचा सीनियर — आलाच मिठाचा खडा टाकायला. "रंग न घातलेली काच मोजलीस का?" नाही मोजली. रंगच नाही तर चमकणार काय, डोंबल? जळतो मेला. उद्या मीटिंगआधी मोजते, त्याच्या नाकावर टिच्चून.

भाषणाचं शेवटचं वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. फारच भारी झालंय.

८ मार्च
रंग न घातलेली काच चमकली. तोच फरक, तोच हट्ट. मग मखमलीचा तुकडाच जांभळ्या उजेडात धरला — निळा लख्ख. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, तेच घासताना काचेला चिकटलं होतं. ते कशाला हलतंय?

मीटिंगमध्ये उभी राहून एवढंच सांगितलं. लेझर सोमवारी शेजारी जाणार.

बाहेर पडले तोच आईचा फोन. "चमकली का गं तुझी काच?"

"हो आई. तुझ्या मखमलीमुळेच."