बाबांच्या नावावर सांगितलेलं

शार्दूल,

सातच्या ट्रेनने ऑफिसला निघाले आहे. आईला उठवू नकोस. वरणभात फ्रीजमध्ये आहे, गरम करून दोघं जेवा.

दुपारी कोचना फोन करून तू एनबीए ड्राफ्टमधून नाव मागे घेणार आहेस, प्रो बास्केटबॉलची संधी सोडून कॉलेजात परत जायला. त्याआधी हे वाच. समोर बसून सांगायचं त्राण माझ्यात नाही.

‘शार्दूलने आधी डिग्री पूर्ण करावी’ ही बाबांची शेवटची इच्छा होती, असं मी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं. बाबा तसं काहीच बोलले नव्हते. हॉस्पिटलच्या टीव्हीवर तुझी मॅच बघताना त्यांनी तुला पडलेलं पाहिलं आणि मला म्हणाले, “गुडघा दुखतोय का त्याचा, विचार गं.” त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत.

तू आणखी एक वर्ष ॲन आर्बरला कॉलेजातच, घरापासून गाडीने चार तासांवर राहावंस, ही इच्छा माझी होती. माझं तू ऐकलं नसतंस, म्हणून त्यांच्या नावावर सांगितलं. चुकले. आईला संध्याकाळी मीच सांगेन.

प्रो व्हायचं की कॉलेजात परत जायचं, ते आता तुझं तू ठरव.

आणि विचारायचं राहूनच गेलं. गुडघा दुखतोय का?

ताई