न उकळलेलं पाणी

३ मे
आता नळाचं पाणी उकळायला नको — वस्तीच्या रेडिओवर सांगितलं, बिंगोचे आकडे वाचायच्या आधी. ऐकलं, आणि हातानं पातेलं चुलीवर ठेवलंच. वीसेक वर्षांची सवय.

४ मे
इसाडोरला फोन केला. किडन्या गेल्यापासून माझा हा नवरा थंडर बे शहरात, विमानानंच जायचं इतक्या दूर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर. मशीन घरी बसवता आलं असतं, पण त्याला चांगलं पाणी लागतं. आमच्या नळाला कधी पिवळं, कधी काळपट. आणि मला इथून हलता येईना, सासूबाई अंथरुणावर. त्या गेल्या हिवाळ्यात गेल्या. तोवर वस्तीत पाणी शुद्धीकरणाचं काम निघालं होतं. म्हटलं, आता तोच येईल घरी.
पाण्याचं सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं." एवढंच.

९ मे
सरोवराचा बर्फ फुटला. दिवसभर कड्‌कड्‌ आवाज.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही होडीतून जाळी काढायला जायचो. तहान लागली की इसाडोर वल्हं पाण्यात बुडवून तिरपं धरायचा, पात्यावरून धार ओघळायची, ती प्यायची. एकदा माझ्यासाठी धरलं, तर अर्धं पाणी गळ्यावरून कपड्यांत. मी ओरडले, तो हसत सुटला — होडी उलटते की काय असं झालं. दात शिवशिवायचे त्या पाण्यानं. पाण्याला वास असतो हे तेव्हा माहीत नव्हतं.
कोणी उकळत नव्हतं. कोणी घाबरत नव्हतं.

१४ मे
वस्तीच्या हॉलमध्ये सगळे जमले. म्हाताऱ्यांनी आधी प्यावं, असं ठरलं. नणंद वेर्नानं ग्लास माझ्याच हातात दिला.
"वहिनी, तू आधी. तुला काही झालं तर फ्रीज माझा."
"फ्रीज बिघडलाय."
"मग जप बाई जिवाला."
सगळे हसले, पण पुढे कोणी येईना. मी प्यायले. औषधाचा वास, बाकी पाणीच. मग वेर्ना प्यायली, मग रांग लागली. पोरं टकामका बघत होती. नळाचं पाणी तसंच पिताना त्यांनी कधी कुणाला पाहिलंच नव्हतं.

२७ मे
नर्स येऊन घर बघून गेली. पाण्याची तपासणी चांगली आली. मशीन बसेल! सुई कशी टोचायची ते मला शिकवणार आहेत. सासूबाईंची खोली रिकामी केली, भिंती पुसल्या. खिडकीतून सरोवर दिसेल त्याला.

२ जून
इसाडोरचा फोन. म्हणाला, "डेल्फीन, मी येत नाही."
मला वाटलं, ऐकण्यात चुकलं.
"इथं काही बिनसलं तर धावत येतात. तिथं तू एकटी. माझं रक्त बघून तुझे हात थरथरतील, आणि मी ते बघत पडून राहीन. तू मला सुया टोचायला नकोस गं. शेजारी बसायला हवीस. पत्ते खेळायला."
खोली दाखवायची होती त्याला.

३ जून
काही केलं नाही.

६ जून
वेर्नाला घराची किल्ली दिली. "इतकी वर्षं पाण्यासाठी थांबलीस, आणि आता निघालीस?" म्हणाली.
पाण्यासाठी कुठे थांबले होते मी. उद्या सकाळचं थंडर बेचं विमान आहे.